नववा प्रश्न

"जिन्यावरून पडली. धांदरट आहे हो पहिल्यापासून," नवऱ्याने नोंदणीच्या खिडकीवर हसत हसत सांगितलं. तिचं नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर, सगळं त्यानेच धडाधड लिहून दिलं. ती तोंडाला रुमाल दाबून मागे उभी होती. तुटलेले दोन दात त्या रुमालातच होते.

ड्रेसिंगच्या सिस्टरने मात्र तिच्या गळ्यावरचे बोटांचे वळ पाहिले. जिन्याला बोटं नसतात, एवढं तिला वीस वर्षांच्या नोकरीत कळलं होतं. "इथे नातेवाईक चालत नाहीत," म्हणत तिने नवऱ्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लावलं आणि टॅबवर नवा फॉर्म उघडला. हल्ली प्रत्येक पेशंटला घरच्या परिस्थितीचे दहा प्रश्न विचारायचे असतात. दोन वेळचं जेवण मिळतं का, औषधं परवडतात का, वगैरे. नववा आला तशी ती खुर्ची ओढून जवळ बसली.

"ताई, घरी कुणाची भीती वाटते का? खरं सांगा. हे आपल्या दोघींतच राहील."

तिने एकदा बंद दाराकडे पाहिलं. मग सुजलेल्या जबड्यातून कसंबसं म्हणाली, "काल पोटात लाथ घातली यांनी. आज गळा दाबला. कुठे बोललीस तर जिवंत सोडणार नाही म्हणतात."

सिस्टरने 'हो'वर बोट टेकवलं. स्क्रीनवर हिरवी खूण उमटली: 'घरी मारहाण होत असल्याची नोंद झाली. मदतीसाठी कार्यकर्त्या उद्या घरी येतील. पेशंटच्या नंबरवर मेसेज पाठवला आहे.'



बाहेर बाकावर नवऱ्याच्या खिशातला फोन वाजला.