रोममधली शेजारीण

"आई, ऊठ आता. आपली वेळ चुकेल," मी पुन्हा म्हणाले. आई ढिम्म हलली नाही.

रोमच्या त्या गल्लीत, वाळत घातलेल्या कपड्यांखाली एक इटालियन आजी दारात खुर्ची टाकून मटार सोलत होती. आई तिच्याकडे बघून हसली, शेजारी पायरीवर टेकली आणि मूठभर शेंगा सरळ पदरात घेतल्या. समोर कोणी भाजी निवडत असताना तिला रिकाम्या हातांनी बसवतच नाही.

कलोसियमची तिकिटं मी महिनाभर आधी काढली होती. सकाळी प्राचीन अवशेष बघतानाही हिचं एकच पालुपद, "पडक्या भिंती किती बघायच्या गं?" हिला एवढ्या लांब आणलं कशाला, तेच मला कळेना. आणि इथे दोघी आपापल्या भाषेत बोलत, एकमेकींना दुखरे गुडघे दाखवत खदखदून हसत होत्या.

आम्ही पोचलो तेव्हा आमची वेळ टळून गेली होती. फाटकावरच्या माणसाने नुसती मान हलवली.

"झालं समाधान?" मी चिडून विचारलं. "तिचं बोलणं तरी कळत होतं का तुला?"

"तिच्या सुनेला मटार आवडत नाहीत, एवढं कळलं." नखातली हिरवी साल काढत आईने सहज विचारलं, "तुझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं गं? वर्ष झालं मला तुझ्याकडे येऊन, ते दार कधी उघडं दिसलं नाही."

त्या मजल्यावर मी आठ वर्षं राहत होते. मला सांगता येईना.