एका घासाची भाकरी

डबीच्या झाकणानं दामिनी तांदळाच्या भाकरीचे लहान लहान गोल कापत होती. ते कुरकुरीत तळायचे, वर चमचाभर वालाचं घट्ट बिरडं, त्यावर ओलं खोबरं, आणि मधोमध टूथपिकची काडी.

"बाहुलीचं लगीन हाय का गो?" हिराबाईंनी सुनेला विचारलं.

"याला स्टार्टर म्हणतात, आई. जेवणाआधी खायचं असतं."

"आमच्याकडं जेवणाआधी भूक असते."

दामिनी हसली, पण तिच्या हातातली काडी मोडली. कल्याणची पोर, लग्न होऊन मुरबाडच्या या गावात नवीन आलेली. नवरा रवींद्र कामावर पर्मनंट झाला म्हणून सगळी भावकी अंगणात जमली होती आणि पहिल्यांदाच तिच्या हातचं खाणार होती. हिराबाईंनी मुकाट्यानं आणखी एक नारळ फोडला.

दामिनी ताट घेऊन बाहेर गेली. मंडळी सतरंजीवर ओळीनं बसली होती. भावकीतल्या सगळ्यांत मोठ्या मंगळूकाकांपासून तिनं सुरुवात केली. त्यांनी दोन भाकऱ्या उचलल्या. पुढच्यानं दोन घेतल्या. ताट रिकामं झालं, ती आत येऊन भरून घेऊन गेली. तिसऱ्या खेपेला मात्र ती चुलीपाशी तशीच उभी राहिली.

"काय झालं?"

"कुणीच खात नाहीये, आई. नुसतं हातात धरून बसलेत सगळे." तिनं ताट चुलीपाशी टेकवलं. "माझं मन मोडू नये म्हणून घेतलं असेल. मी पिठलं-भाकरीच करायला हवी होती."

हिराबाईंनी दारातून डोकावून पाहिलं. खरंच, मोठे सगळे काड्या धरून गप्प बसले होते. कुणी जागचं हलत नव्हतं. सत्यनारायणाच्या कथेला बसावेत तसे. हिराबाईंना हसू आलं. पदर तोंडाला लावून त्या अंगणात गेल्या.

"भावजी, मुहूर्त बघताव का काय? खा की!"

"खा काय खा?" काका वैतागले. "वाढप सरलं नाय, कोपऱ्यात पोरं तशीच बसल्यात. सगळ्यांना मिळाल्याबिगर हात लावायची रीत हाय का आपली? बिरड्याचा वास नाकात जाऊन जाऊन माझा जीव चाललाय!"

दामिनी धावतच गेली. कोपऱ्यातल्या पोरांना वाढून झालं, तशी काकांनी पहिली तोंडात टाकली. अख्ख्या अंगणात एकदम कुर्रकन आवाज झाला. मग नुसते गाल हलत होते.

"परत फिरव गो!" पलीकडून बाईजाकाकूंनी आवाज दिला. "एकेका घासानं काय व्हतंय?"

दामिनी ताट उचलायला वाकली.

"थांब," मंगळूकाका म्हणाले. "हिला कुनी वाढलं?"

हिराबाईंनी सुनेच्या हातातलं ताट काढून घेतलं. काकांनी दुसरी अजून तोंडाला लावली नव्हती. काडीला धरून त्यांनी ती दामिनीपुढं केली, आणि सतरंजीवर जरासे सरकून बसले.