दगड कापायची जागा

आर्किटेक्ट बाई न कळवता साइटवर आल्या, तेव्हा तिसऱ्या बंगल्याच्या गॅरेजला प्लॅस्टिकचा जाड कागद ठोकलेला होता आणि आतून दगड कापायच्या मशीनचा आवाज येत होता. त्यांनी कागद बाजूला सारला. आत काहीच दिसेना. मशीन थांबलं, धूळ जरा खाली बसली, तेव्हा कुठं एक माणूस दिसला. तोंडाला ओला फडका बांधलेला, पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेल्या.

"काका, आधी बाहेर या बघू," त्या म्हणाल्या.

मिस्त्री बाहेर आला आणि भिंतीला धरून खोकत राहिला. खोकला लवकर थांबेना. दाराशी त्याची बायको कापलेल्या दगडांवर खडूनं आकडे घालत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "काका कशाला म्हणता, मॅडम? चाळिशी यायचीय त्यांची अजून."

बाईंना स्वतःला त्रेचाळिसावं चालू होतं.

तेवढ्यात कंत्राटदार धावत आला. बाईंनी विचारायच्या आधीच त्यानं बोलायला सुरुवात केली. "मग कुठं कापू, सांगा! बाहेर कापलं तर शेजारच्यांच्या खिडक्यांवर धूळ बसते, ते भांडायला येतात. पाणी मारून कापलं तर गढूळ पाणी उतारानं थेट समुद्रात जातं. त्याची नोटीस आलीय आधीच. तुम्ही नकाशात एक कोपरा मोकळा सोडला असता तर शेड टाकली असती, हौद बांधला असता. जागाच ठेवली नाहीत तुम्ही."

नकाशा बाईंना पाठ होता. पुढं भरतीची रेषा, मागं कडा. दोन्हीकडून नियमाप्रमाणे अंतर सोडलं की हातात उरत होती बावीस मीटरची पट्टी. दोनच बंगले होतील, असं जो तो म्हणत होता. त्यांनी जिने कड्यात घुसवले, गॅरेज घरांच्या पोटात घातली आणि तिसरा बसवून दाखवला. मालक खूश झाला. ऑफिसात टाळ्या पडल्या. त्या नकाशात कुत्र्याला आंघोळ घालायलासुद्धा जागा होती.

"मॅडम, आलाच आहात तर एक बघून जा," मिस्त्री म्हणाला. त्यानं त्यांना पहिल्या बंगल्याच्या समुद्राकडच्या भिंतीपाशी नेलं. "घाला नख."

बाईंनी दोन दगडांच्या सांध्यात नख घालून पाहिलं. जाईना. दुसरीकडं पाहिलं, तिथंही जाईना.

"तुम्हीच लिहिलं होतंत ना, सांध्यात नख जाता कामा नये म्हणून? पाच बाजूंनी कापावा लागतो एकेक. दुसरा असता तर सिमेंट थापून मोकळा झाला असता." तो हसला, आणि हसता हसता परत खोकायला लागला.

बाईंनी तिथूनच मालकाला फोन लावला.

"उरलेल्या भिंतींना दगड न कापता लावायचा, जसा येईल तसा," त्या म्हणाल्या. "भिंती जाड होतील. मग तिसरा बंगला रेषेच्या बाहेर जातो. दोनच करावे लागतील, तिसऱ्याचं गॅरेज झालंय तेवढ्यावरच थांबवायचं."

"परवापर्यंत तीन बसत होते की."

"परवापर्यंत दगड कुठं कापतात ते मी बघितलं नव्हतं."

मालक चिडला नाही. समजावल्यासारखा बोलला. "बाई, नकाशा मंजूर झालाय, सही तुमचीच आहे. तुम्हाला पुढचं बघायचं नसेल तर हरकत नाही, दुसरं कोणी बघेल. काम थांबणार नाही." आणि त्यानं फोन ठेवला.

फोनचा आवाज मोठा होता, कंत्राटदारासकट सगळ्यांनी ऐकलं होतं.

"आजपासून त्या गॅरेजात कापकाम बंद," बाई म्हणाल्या. "नवा माणूस येईपर्यंत तरी माझंच ऐकावं लागेल तुम्हाला."

"ऐकतो की. म्हणजे शुक्रवारपर्यंत," कंत्राटदार म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. मालकाला तो चांगला ओळखत होता.

तो गेल्यावर बाई गॅरेजपाशी परत आल्या, तशी मिस्त्रीची बायको उठली. हात पुसून तिनं दगडांच्या यादीचा एक कागद उलटा केला आणि पुढं धरला. "मॅडम, एवढं लिहून द्या. यांना कापकाम देऊ नका, बाकी काहीही द्या, असं. डॉक्टरांचा कागद आहे आमच्याकडं, पण तो कोण वाचतंय? तुमच्या सहीवर कडा फोडतात, मॅडम. तुमचं मानतील."

बाईंनी कागद भिंतीला टेकवून लिहिलं. एकदा खोडलं, पुन्हा लिहिलं. खाली सही केली, नोंदणी क्रमांक घातला, तारीख घातली. आणखी काय घालता येईल ते त्यांना सुचेना.

मिस्त्रीनं कागद घेतला. अक्षरांखाली बोट फिरवत तो सावकाश, मोठ्यानं वाचू लागला. "यांना... दगड कापण्याचे काम... देऊ नये." तिथं त्याचं बोट थांबलं. खालचं त्यानं वाचलं नाही. बायकोकडे वळून तो म्हणाला, "म्हणजे मला दगड येत नाही, असंच झालं की हे."

बायकोनं कागद त्याच्या हातातून काढून घेतला, त्याच्या चार घड्या केल्या आणि तो पिशवीत तळाशी घातला.

"हो," ती म्हणाली. "कोणी विचारलं तर तसंच सांगायचं."