काहीच उघडेना

पक्षाघातानंतर आईच्या हातापायांतलं एकच बोट हलत होतं. त्या बोटाने बटण दाबलं की नातीचा व्हिडिओ समोर यावा, एवढ्यासाठी त्याने जिवाचं रान करून प्रोग्राम लिहिला. विंडोज असो, मॅक असो की लिनक्स, फाइल उघडलीच पाहिजे. त्याच्या लॅपटॉपवर ती झटक्यात उघडली, तसा त्याने प्रोग्राम ऑफिसच्या सर्व्हरवर चढवला आणि आईच्या घरच्या विंडोज कॉम्प्युटरला बटण जोडून दिलं; ते दाबलं की सर्व्हरवरचा प्रोग्राम चालणार.

पण तिच्याकडे काही म्हणजे काही उघडेना. चार दिवस तो प्रोग्राममधली विंडोजसाठीची ओळ बदलत राहिला. शेवटी फोनवर आईवरच खेकसला, “अगं, तू बटण दाबतेस तरी का?”

“दाबतेय रे बाळा. या बोटाला दुसरं काय काम आहे?”

रडकुंडीला येऊन तो ऑफिसातल्या सर्व्हरच्या खोलीकडे गेला, तर कुलूप लावलेल्या दारामागून त्याच्याच लेकीचा आवाज येत होता.



कुलूप काढून तो आत गेला. सर्व्हरच्या स्क्रीनवर तिचे चाळीस व्हिडिओ एकावर एक उघडलेले होते, आणि तो बघत असतानाच एक्केचाळिसावा सुरू झाला, “आज्जी, दिसतेय ना मी?”