दुपारची बाई

दुपारी सासरे झोपले की मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसते आणि फोनवरच्या निनावी ब्राउझरमध्ये ठिकाण बदलते. मी इथेच असते, पण फोनच्या लेखी कुठल्यातरी बर्फाळ गावात. तिथल्या दुकानांच्या जाहिराती येतात, तिथलं हवामान दिसतं. सासरे अंथरुणाला खिळल्यापासून माझा एवढाच काय तो फेरफटका.

सासऱ्यांना दिसत नाही. परवा ते म्हणाले, "दुपारची बाई चांगली आहे गं. बोलत नाही, पण चिडतही नाही. हात तेवढे गार असतात तिचे."

"कोण बाई, बाबा? घरात मीच तर असते."

"तू गेलीस की येते ती."

मी चादर बदलली. रात्री नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "जरा विश्रांती घे." कधी, ते नाही सांगितलं.

आज अंग इतकं मोडून आलं होतं की ठिकाण त्या बर्फाळ गावावरच ठेवून भिंतीला टेकले आणि डोळा लागला. जाग आली ती वाटीत चमचा वाजल्याने. आवाज सासऱ्यांच्या खोलीतून येत होता. ओट्यावर त्यांच्यासाठी काढून ठेवलेली सुपाची वाटी नव्हती.

मी ठिकाण पुन्हा आपल्या गावावर आणलं. चमचा थांबला.

"का गं थांबलीस?" सासरे आतून म्हणाले. "भूक आहे अजून."

उठायला हवं होतं. मी बसल्या जागीच ते बर्फाळ गाव पुन्हा निवडलं.

चमचा वाजू लागला.