देवाच्या आधीचा घास

वच्छलाबाईनं टीव्ही अंगणात काढून ठेवला होता. काही महिन्यांपूर्वी चित्रित झालेल्या केक-मिठाईच्या स्पर्धेचा शेवटचा भाग होता नि त्यात तिची लेक दीपिका होती, नागपूरच्या हॉटेलात केक करणारी. एरवी केकला गोड पाव म्हणणारं गाव त्या संध्याकाळी परीक्षकांच्याही वरताण डोळे लावून बसलं होतं. पुढं गायता पोचू, गावच्या देवाचं सगळं तोच करतो. शेजारी पत्रू. बायको गेल्यापासून तो पहिल्यांदाच चारचौघांत आला होता, म्हणून वच्छलानं त्याला मुद्दाम पुढं बसवलं होतं.

पडद्यावर दीपिका केकवर मोहफुलांचा पाक सोडत होती. सोडता सोडता तिचे डोळे भरले. निवेदिकेनं कारण विचारलं.

"आज आमच्या गावात मोहाचा पंडुम आहे, नव्या फुलांचा सण," दीपिका म्हणाली. "मला जाता नाही आलं. पण ही फुलं तिथलीच. यंदाची पहिली. आईनं मागच्या आठवड्यातच पाठवली."

परीक्षकबाईंनी चमचा तोंडात घातला नि डोळे मिटले. तिकडं टाळ्या पडल्या. अंगणात एकही हात हलला नाही.

पंडुम करून नवा मोह देवाला वाहिल्याशिवाय या गावात कोणी फूल जिभेला लावत नाही. वच्छलाला आता आठवलं. मूठभर तर फुलं होती. पोरीच्या मायेपोटी एकटीनं वेचली, गाडीवाल्याकडं दिली नि विसरूनही गेली.

"म्हणजे देवाले आपण उष्टं वाह्यलं," पोचू हळूच म्हणाला.

त्या पंडुमानंतर तेंदूपत्ता तोडताना वाघानं पत्रूची बायको नेली होती. कोणाचं काय चुकलं म्हणून सारं गाव एकत्र बसलं, एकेकाला विचारलं. वच्छलानंही तेव्हा खुशाल नकाराची मान हलवली होती.

"पत्रूभाऊ, पोरीले काई ठाऊक नाई जी," वच्छला म्हणाली. "मायनं पाठवली म्हंजे चालत असंल, असंच वाटलं असंल तिले. चूक माई आहे."

पत्रूनं पडद्यावरची नजर काढली नाही.

दीपिका जिंकली. तिच्या अंगावर रंगीत कागद उडाले. अंगणातून एकेक जण उठून गेला. वच्छलानं वाटलेले लाडू पानांवर तसेच राहिले. पत्रू तेवढा बसून होता.

उद्याच्या गाडीनं दीपिका गावी येणार, हे दुपारी वच्छलाच घरोघरी सांगत फिरली होती. पत्रूच्या दारातही ती दोनदा सांगून आली होती.

तरी त्यानं विचारलं, "बाई, कवा येऊन राह्यली पोरगी?"