भुणभुणीचे कारण

दुकानात ती पेडल स्टील गिटार भुणभुणत नसे, घरी भुणभुणे. दुपारी एअर कंडिशनर सुरू झाला की अधिक.

दोनदा ती दुकानात तपासून झाल्यावर दुरुस्तीवाली डोरीन तिसऱ्या वेळी स्वतःच अल्बिन कोकुरेक यांच्या घरी गेली. टेक्सासमधील त्या गावात, तिथल्या बंधुमंडळाच्या हॉलवर, शनिवारच्या नाचाला अल्बिन एकोणचाळीस वर्षे हीच गिटार वाजवत आले होते. मार्चपासून ते गेले नव्हते.

"डॉक्टरसमोर ताप उतरावा, तसं करते ही," ते म्हणाले. "आज सापडलं तर सापडलं. शुक्रवारी ऑस्टिनहून एकजण येतोय, त्याला देऊन टाकतो. असल्या आवाजात मला वाजवता येत नाही."

"माझं काम तरी संपू द्या, काका. मग विका."

टेबलासारखी चार पायांवर उभी राहणारी, मागे बसून वाजवायची ती गिटार भिंतीला लागून होती. वाजवणाऱ्याचे तोंड भिंतीकडे होईल अशी. डोरीनने एकेक शक्यता वगळत नेली. केबल बदलली, भुणभुण तशीच. पायाखालचे व्हॉल्यूम पेडल काढले, तशीच. बॅटरीवर चालणारा अँप्लिफायर जोडला, तशीच. तारांचा कंप टिपणाऱ्या पिकअपचे वेटोळे मोजले, शाबूत होते.

"म्हातारी झाली," अल्बिन म्हणाले. "माझ्यासारखीच."

"तांब्याची तार म्हातारी होत नाही. तुटते, नाहीतर चालते."

अवजारे आवरायला ती खाली वाकली आणि तिला गालिच्यात चार खळगे दिसले. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, गिटारच्या चार पायांमध्ये असते तेवढ्याच अंतरावर.

"हलवलीत कधी?"

"मार्चमध्ये."

"दोनदा विचारलं होतं मी. काय बदललं, म्हणून."

"गिटारमध्ये काय बदललं, असं विचारलं होतंस."

दोघांनी गिटार उचलून तिचे पाय त्या खळग्यांत ठेवले. डोरीनने आवाज पूर्ण चढवला. एअर कंडिशनर चालूच होता. भुणभुण नव्हती.

ती बाहेर जाऊन घराला फेरी मारून आली. "त्या भिंतीमागे अख्ख्या घराची वीजपेटी आहे. तिच्यातल्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पिकअप टिपत होता. इथंच वाजवा."

अल्बिन गिटारमागे बसले. समोर हिरवी खुर्ची होती, हात टेकायच्या जागी विरलेली. त्यांनी पोलादी कांडी तारांवर टेकवली, पण तार छेडली नाही.

"मार्चमध्ये जाईपर्यंत माझी एव्हलिन तिथं बसायची," ते म्हणाले. "सूर केसभर उतरला की एक बोट वर करायची. बोलायची नाही. आता इथून सूर लावला की खुर्चीकडे बघत राहतो."

"मग खुर्ची हलवा."

"ती नाही हलवायची."

डोरीनने केबल गुंडाळली.

"त्या ऑस्टिनवाल्याला काय सांगू?" अल्बिननी विचारले.

"काय बिघडलं होतं, ते."

तिने खिशातून पावतीपुस्तक काढले, 'दोष' या रकान्यात नेहमीच्या अक्षरात लिहिले आणि कागद फाडून त्यांच्या हाती दिला:

गिटारमध्ये दोष नाही. समोरची रिकामी खुर्ची दिसू नये म्हणून मालकाने गिटार मार्चमध्ये दहा फूट हलवून भिंतीला लावली. त्या भिंतीमागे वीजपेटी आहे.